रंगीत शॅमेलिऑन की दुर्मिळ लायकेन? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा बरेच दिवस एक वाद चाललाय, तो आता तुमच्यावर सोपवायचं ठरलंय. त्याचं म्हणणं असं की रंगांच्या बाबतीत पँथर शॅमेलिऑनच्या जवळपास कोणी फिरकत नाही, निळा काय, लाल काय, आणि वर मनात आलं की बदलतो. मी म्हटलं, इरिओडर्मा पेडिसेलाटम नावाचं एक लायकेन (आपल्या दगडफुलासारखं) आहे, तेही रंग बदलतं आणि वर इतकं दुर्मिळ की विचारू नका. तर तो हसतोच, म्हणतो झाडाच्या सालीवरच्या खपलीची सरड्याशी कसली तुलना करतेस. खरंच तुलना होऊ शकते का आणि होत असेल तर कोण जिंकलं?
— वादात अडकलेली एक वाचक

उत्तर: तुलना होते, आणि झकास होते. भावाला म्हणावं हसणं थांबव आणि वाच. पण तुम्हा दोघांच्याही बोलण्यात रंगीत आणि दुर्मिळ यांची थोडी सरमिसळ झालीय, तेवढी आधी सोडवू.

पँथर शॅमेलिऑन हा मादागास्कर बेटाचा. तिथल्या उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या किनारी भागात तो बऱ्यापैकी सापडतो, अगदी घनदाट जंगलच पाहिजे असं त्याचं काही नाही, रस्त्याच्या कडेची झुडपं, तोडलेल्या रानात परत उगवलेली झाडी, बागा, सगळीकडे त्याचं चालून जातं. लाल यादीत, म्हणजे कोणती जात किती धोक्यात आहे त्याच्या जागतिक यादीत, तो 'कमी चिंता' या गटात आहे. म्हणजे डोळे दिपवणारा आहे, पण दुर्मिळ नाही. पाळण्यासाठी त्याचा व्यापार होतो म्हणून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचं नाव आहे, म्हणजे देशाबाहेर न्यायचा तर परवाना लागतो, ती गोष्ट वेगळी.

आणि तुमचं इरिओडर्मा? त्याला बोरियल फेल्ट लायकेन असंही म्हणतात. 2003 साली लाल यादीत लायकेन पहिल्यांदा आली तेव्हा फक्त दोन होती, त्यातलं एक हे, आणि तेही थेट 'अतिधोक्यात' या गटात. नॉर्वे आणि स्वीडनमधून ते जवळपास पुसलंच गेलं, सध्या त्याचा एक मोठा आधार म्हणजे कॅनडातलं न्यूफाउंडलंड बेट. बाकी दिसायला म्हणाल तर दोन ते पाच सेंटिमीटरचा करडा-तपकिरी तुकडा, कडा वर वळलेल्या आणि पांढऱ्या, पृष्ठभागावर बारीक लव, मधेमधे तांबूस-तपकिरी ठिपके. समोरच्या फांदीवर असलं तरी दहातले नऊ जण बघणार नाहीत. तर निकाल असा की रंगात भाऊ जिंकला, दुर्मिळपणात तुम्ही, आणि रंग बदलण्याच्या बाबतीत मात्र सामना बराच चुरशीचा आहे.

शॅमेलिऑनचं आधी बघू. त्याच्या कातडीत रंगांच्या पिशव्या असतात आणि त्या तो फुगवतो-आकसतो, असं आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलंय. अर्धंच खरं आहे ते. 2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिन्कोविच यांच्या टीमने पँथर शॅमेलिऑनवरच काम करून दाखवलं की मुख्य खेळ स्फटिकांचा आहे. कातडीच्या पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात (हे ग्वानिन म्हणजे आपल्या डीएनएत असतं तेच बरं का). नर निवांत असतो तेव्हा स्फटिक एकमेकांच्या जवळ असतात, त्यातून निळा प्रकाश परत फिरतो, वरच्या थरात पिवळं रंगद्रव्य असतं, आणि निळा अधिक पिवळा म्हणून आपल्याला तो हिरवा दिसतो. दुसरा नर समोर आला की डोकं फिरतं, स्फटिकांमधलं अंतर वाढतं, आणि मग परत फिरणारा प्रकाश पिवळ्या-केशरी-लालकडे सरकतो. हे सगळं काही मिनिटांत. काळसर छटा मात्र मेलॅनिनच्या पेशींमुळे येते, ते जुन्या पुस्तकांत लिहिलेलं तेवढं बरोबर आहे.

याच संशोधनातला एक प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी कातडीचा छोटा नमुना घेऊन खारट द्रावणात ठेवला. पेशीतलं पाणी बाहेर आलं, पेशी आकसली, स्फटिक जवळ आले आणि रंग हळूहळू निळ्याकडे सरकला. ना मेंदू, ना राग, ना प्रतिस्पर्धी, फक्त पाणी कमी झालं.

हे पाणी लक्षात ठेवा, कारण लायकेनच्या रंगाची सगळी गोष्टही पाण्यावरच चालते. लायकेन म्हणजे एक जीव नाहीच, बुरशी आणि तिच्या आत राहणारं शेवाळ किंवा सायनोबॅक्टेरिया (उन्हावर स्वतःचं अन्न बनवणारे जिवाणू) यांचा एकत्र संसार, हे 1867 मध्ये सिमोन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने पहिल्यांदा ठामपणे मांडलं तेव्हा त्याला बऱ्याच जणांनी वेड्यात काढलं होतं. वरचा थर बुरशीच्या दाट विणलेल्या धाग्यांचा असतो. सुकलेला असताना तो अपारदर्शक, करडा, मळकट. पाणी मिळालं की कागदावर तेलाचा थेंब पडल्यासारखा तो थर पारदर्शक होतो आणि आतला भाडेकरू दिसायला लागतो. भाडेकरू हिरवं शेवाळ असेल तर लायकेन हिरवंगार होतं, लोबारिया पल्मोनारिया नावाचं एक मोठं पानासारखं लायकेन आहे त्यात हा बदल एवढा ठसठशीत होतो की पावसाआधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला तर दोन वेगळ्या जाती वाटाव्यात. तुमच्या इरिओडर्मात आत स्कायटोनेमा नावाचा सायनोबॅक्टेरिया असतो, त्यामुळे ते ओलं झालं की करड्या-तपकिरीचं पाटीच्या दगडासारखं निळसर-राखाडी होतं.

म्हणजे दोघांकडेही रंग बदलतो तो पाण्याने किंवा अंतराने, नवीन रंग कोणी तयार करत नाही. फरक एवढाच की शॅमेलिऑनच्या बाबतीत बटण मज्जासंस्थेच्या हातात आहे आणि लायकेनच्या बाबतीत ढगाच्या. शॅमेलिऑनचा रंग दुसऱ्या कोणीतरी बघावा म्हणून आहे, बघणारा नसेल तर त्या तामझामाला काही अर्थ नाही. लायकेनचा हा रंग कोणी बघतंय की नाही याच्याशी लायकेनला काहीही देणंघेणं नाही. ओलं झालं म्हणजे आतल्याला ऊन मिळालं, ऊन मिळालं म्हणजे अन्न सुरू झालं, रंग हा त्या सगळ्याचा नुसता मागमूस. मला विचाराल तर मला हेच जास्त आवडतं, पण ही माझी आवड झाली, भावाने ती मान्य करायलाच पाहिजे असं नाही.

प्रश्न: शॅमेलिऑन ज्या फांदीवर बसतो त्या फांदीचा रंग घेतो ना? मग लायकेन असलेल्या फांदीवर बसला तर लायकेनसारखा ठिपक्याठिपक्यांचा होईल का?
— कॉलेजमधला एक वाचक

उत्तर: नाही होणार. बुद्धिबळाच्या पटावर ठेवला तर चौकडीचा होतो वगैरे निव्वळ थापा. प्रत्येक जातीचा, आणि पँथरच्या बाबतीत तर प्रत्येक गावाकडचा, ठरलेला रंगांचा संच असतो, नोसी बे बेटावरचे नर निळसर-हिरवे, अंबिलोबेकडचे लाल-निळ्या पट्ट्यांचे, आणि त्या संचाच्या बाहेर कोणी जात नाही. निवांत असताना तो हिरवा असतो आणि आजूबाजूला पानं असतात, म्हणून तो लपलेला वाटतो, एवढंच.

पण अगदीच 'लपणं नाही' असंही म्हणता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतला स्मिथचा बुटका शॅमेलिऑन म्हणून आहे, त्याच्यावर प्रयोग झाले तेव्हा दिसलं की शिकारी पक्षी समोर असताना तो पार्श्वभूमीशी जास्त मिळताजुळता होतो आणि साप असताना कमी, कारण सापाला रंग पक्ष्याइतके चांगले दिसतच नाहीत. म्हणजे कोणापासून लपायचंय ते बघून मेहनत घेतो गडी!

लायकेनसारखं दिसण्यात खरा उस्ताद शॅमेलिऑन नाहीच, तो मादागास्करमधलीच एक पाल आहे, युरोप्लॅटस सिकोरे. सालीवर चपटी होऊन पडते, अंगाच्या कडेला झालरीसारखी कातडी असते त्यामुळे सावलीसुद्धा पडत नाही, आणि अंगावरचे डाग हुबेहूब शेवाळ-लायकेनचे.

प्रश्न: लायकेनचे पिवळे, केशरी असे भडक रंगही असतात, ते तर पाण्याने बदलत नाहीत. ते कशासाठी?
— बागकामाची आवड असलेल्या एक आजी

उत्तर: आजी, बरोबर पकडलंत. वरच्या उत्तरात मी ओल्या-सुक्याचाच रंग सांगितला, पण लायकेनचे स्वतःचे रंगही असतात, आणि ते बहुतेक वेळा बुरशी बनवते. भिंतीवर, दगडावर केशरी गोल चकत्या दिसतात त्या झँथोरिया पॅरिएटिना जातीच्या असू शकतात, त्यातला केशरी रंग पॅरिएटिन नावाच्या रंगद्रव्याचा. हे पॅरिएटिन निळा प्रकाश शोषून घेतं आणि आतल्या शेवाळाला भाजण्यापासून वाचवतं. म्हणूनच हेच लायकेन उन्हात असेल तर गडद केशरी होतं आणि सावलीत असेल तर हिरवट-राखाडी राहतं. रंग बदलणं म्हणायचं तर हेही रंग बदलणंच आहे, फक्त शॅमेलिऑनला जे काही मिनिटांत जमतं त्याला इथे हंगाम लागतो.

दुसरं म्हणजे विष. लेथारिया व्हल्पिना नावाचं एक पोपटी-पिवळं झुबकेदार लायकेन आहे, त्यात व्हल्पिनिक अ‍ॅसिड असतं, उत्तर युरोपात पूर्वी लांडगे आणि कोल्हे मारायला ते आमिषात घालायचे. तिसरा प्रकार बघायचा तर रोसेला लायकेन, त्यातून लिटमस काढायचे, तेच शाळेच्या लॅबमधलं, आम्लात लाल आणि अल्कलीत निळं होणारं. आता सांगा, रंग बदलण्याचं प्रमाणपत्र कोणाला द्यायचं!

याच व्हल्पिनिक अ‍ॅसिडवरून एक मोठं प्रकरण झालं. उत्तर अमेरिकेत झाडांवर केसांसारखी लोंबणारी दोन लायकेन आहेत, ब्रायोरिया फ्रेमोंटाय तपकिरी आणि ब्रायोरिया टॉर्चुओसा पिवळसर आणि विषारी. दोन्हींतली बुरशी तपासली तर सारखी, शेवाळ तपासलं तर तेही सारखं, मग एक पिवळं आणि एक तपकिरी का? 2016 मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की वरच्या थरात तिसराच कोणीतरी आहे, एक यीस्ट, आणि पिवळ्यात तो कितीतरी जास्त आहे. दीडशे वर्षं दोघांचा संसार म्हणून शिकवलेल्या गोष्टीत अचानक तिसरा निघाला. पुढच्या अभ्यासांत मात्र हा यीस्ट सगळ्या लायकेनमध्ये सापडला नाही, बऱ्याच जातींमध्ये तो नव्हताच, त्यामुळे 'लायकेन म्हणजे तिघांचा संसार' असं सरसकट लिहिलेलं दिसलं तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

प्रश्न: रंगीतही आणि दुर्मिळही असा एखादा शॅमेलिऑन नाही का? पहिल्या वाचकाच्या भावाची बाजू जरा भक्कम करायची आहे.
— भावाच्या पक्षातला

उत्तर: आहे की. फर्सिफर व्होल्टझ्कोवी. 1913 नंतर शंभरेक वर्षं कोणाला दिसलाच नव्हता, संपला असं धरून चालले होते लोक, आणि 2018 मध्ये मादागास्करच्या वायव्य भागात मिळाला, तोही एका वाढलेल्या बागेत. नर हिरवे असतात, बरे दिसतात, पण खरी रंगीत मादी, विशेषतः पोटात अंडी असताना किंवा चिडली की काळा, पांढरा, जांभळा सगळं एकदम अंगावर. पँथरमध्ये बरोबर उलटं आहे, तिथे रंग बदलणारा तो स्फटिकांचा थर फक्त मोठ्या नरातच पूर्ण तयार झालेला असतो, मादी आपली साधी बदामी-गुलाबी, आणि अंडी असली की गडद होऊन नराला जवळ येऊ नको म्हणून सांगते.

इतकी वर्षं तो सापडला का नाही याचं एक कारण त्याचं आयुष्यच असावं. त्याचा जवळचा नातेवाईक फर्सिफर लॅबोर्डी अंड्यात आठ-नऊ महिने काढतो आणि बाहेर आल्यावर जेमतेम चार-पाच महिने जगतो, पावसाळा संपला की सगळे मोठे मरून गेलेले, पुढचा पाऊस येईपर्यंत अख्खी जात फक्त अंड्यांच्या रूपात जमिनीखाली. व्होल्टझ्कोवीचंही असंच काहीसं असेल तर कोरड्या दिवसांत शोधायला गेलेल्याला काय सापडणार?

प्रश्न: इरिओडर्मा एवढं कमी का झालं? जंगल तर तिकडे भरपूर आहे ना? आणि दुसरीकडे नेऊन लावता येत नाही का?
— शाळेत विज्ञान शिकवणारे एक सर

उत्तर: सर, जंगल आहे, पण पाहिजे तसं नाही. लायकेनला मुळं नसतात आणि पानावर असतो तसा मेणाचा थरही नसतो, पाणी आणि क्षार सगळं अंगावर पडेल तिथून आत. हवेत गंधकाचा धूर असेल तर तोही सरळ आत. 1866 मध्येच विल्यम नायलँडर यांनी पॅरिसमध्ये लिहून ठेवलं होतं की लक्झेंबर्ग बागेत जी लायकेन मिळतात ती शहराच्या इतर भागांत मिळत नाहीत, हवेचा दर्जा लायकेनवरून ओळखायची सुरुवात तिथून धरतात. त्यातही सायनोबॅक्टेरियावाली लायकेन जास्त नाजूक, कारण आम्ल पावसाने सालीचा आम्लपणा वाढला की आतल्या भाडेकरूचं काम बंद पडतं. इरिओडर्मा नेमकं त्याच गटातलं.

दुसरी अडचण प्रजननाची. बरीच लायकेन बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र चुरा हवेत सोडतात, जिथे पडेल तिथे संसार तयार. इरिओडर्माकडे हा शॉर्टकट नाही. ते फक्त बुरशीचे बीजाणू सोडतं, त्या बीजाणूला सालीवर योग्य जागी पडून, योग्य जातीचा स्कायटोनेमा स्वतः शोधून, पहिल्यापासून सगळं उभं करावं लागतं. दमट हवा लागते, झाड जुनं लागतं, आणि न्यूफाउंडलंडमध्ये हे झाड म्हणजे मुख्यतः बाल्सम फर.

आणि इथे मूस आला. मूस म्हणजे ते अवाढव्य सांबर, न्यूफाउंडलंड बेटावर ते मुळात नव्हतंच, 1904 मध्ये चार मूस आणून सोडले (त्याआधी 1878 मध्येही एक प्रयत्न झाला होता), बेटावर लांडगे उरले नाहीत, त्यामुळे संख्या भरमसाट वाढली. मूसला बाल्सम फरची कोवळी रोपं फार आवडतात. जुनी झाडं वाऱ्याने पडतात, तोडली जातात, खाली नवीन यायला पाहिजेत तर ती वर यायच्या आतच खाल्ली जातात. तुम्ही नुसतं लायकेनकडे भिंग लावून बघत बसलात तर हे कारण कधी दिसणारच नाही.

लावण्याचं म्हणाल तर लायकेन असलेला सालीचा तुकडा काढून दुसऱ्या झाडावर बसवणं हे काही जातींत करून बघतात, लोबारियात बरंच केलंय. पण झाड, ओलावा, हवा तिन्ही जुळलं नाही तर नेलेला तुकडा तिथे हळूहळू झिजतो. आणि जातीचे मोजकेच तुकडे उरलेले असताना त्यातला एक प्रयोगासाठी काढायचा म्हणजे छातीत धस्स होणारच. मला विचाराल तर मूसची संख्या आवरण्यावर खर्च करणं आधी.

प्रश्न: दोघांत जास्त कोण जगतं?
— सहावीतला एक वाचक

उत्तर: लायकेन, आणि फार मोठ्या फरकाने. रानातला पँथर शॅमेलिऑन फार तर दोन-तीन वर्षं काढतो. रायझोकार्पन जिओग्राफिकम नावाचं हिरवट-पिवळं लायकेन दगडावर नकाशासारखं पसरतं, वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही, आणि थंड प्रदेशांत ते हजारो वर्षांचं असू शकतं, इतकं की हिमनदी कधी मागे सरकली ते त्याचा व्यास मोजून काढतात. 2005 मध्ये हेच लायकेन यानातून अंतराळात नेऊन पंधरा दिवस उघड्यावर ठेवलं होतं, परत आणल्यावर पाणी दिलं तर त्याचं काम पुन्हा सुरू झालं. तुला जवळपास एखादं लायकेन दिसलं तर खरवडू नको, दहापट मोठं दाखवणारं भिंग घे, आधी सुकं बघ, मग वर थोडं पाणी शिंपड आणि दोन-तीन मिनिटं थांबून परत बघ.